आंधळी पोळ

सिटी सर्व्हेच्या कचेरीत माझं टेबल खिडकीपाशी.
वाडी, रावपुरा, मांडवी : जुने नकाशे ट्रेस करतो.
कुठली पोळ कुठे उघडते,
कुठली भिंतीला डोकं टेकून थांबते,
पाठ आहे.

स्वतःचं माहीत नव्हतं.

थेंब, दोन थेंब. आणि मग
तासभर माकडहाडापाशी ठणका.
वाटायचं, सगळ्यांचं असंच असणार.
विचारणार कुणाला? मित्रांत याचे विनोद होतात,
चौकशी होत नाही.

चार वर्षं सुनेत्राच तपासली गेली.
तिच्या नळ्यांत रंग सोडून झाला,
तिचं रक्त, तिचे उपास,
आईनं तिच्याच ओटीत घातलेले नारळ.
मग एकदा डॉक्टर पारुलबेन म्हणाल्या,
"हवे भाईनो वारो."

प्लास्टिकची डबी. आठ दिवसांनी कागद :
हेमकांत दिघे, वय ३४.
शून्य पूर्णांक चार मिली. शुक्राणू : शून्य.

पडद्यावर करड्या धुक्यात काळं काही,
सीताफळाच्या बीएवढं.
"जन्मापासूनची गाठ. बरोब्बर मधोमध.
दोन्हीकडचे रस्ते हिनंच दाबलेत.
आईच्या पोटात सुरुवातीला सगळ्यांकडेच
गर्भाशयाची तयारी असते, भाई.
मुलगा ठरला की ती विरते.
थोडी उरते. तुमच्यात जरा जास्त उरली."
मी उगाच कॉलर सरळ केली.

दांडिया बाजारापर्यंत कुणी बोललं नाही.
सेव-उसळीच्या गाडीपाशी सुनेत्रानं पहिला घास घेतला
आणि हसत सुटली, ठसका लागेस्तोवर :
"चार वर्षं माझं गर्भाशय धुंडाळलं रे,
आणि अडलं होतं तुझ्यात!"
गाडीवाल्यानं पाणी पुढे केलं.
मीही हसलो.
मग ती म्हणाली, "सत्तावीस."
काय सत्तावीस?
"नारळ."

घरी आईनं विचारलं,
काय म्हणाली बाई हिच्याबद्दल?
मी शर्टाचा घेर दोन्ही हातांनी
तिच्यापुढे पसरला.
तिला काही कळलं नाही. म्हणाली,
बटण तुटलंय का?

बुधवारी दुर्बीण घालून उघडणार आहेत.
मोकळं होईलच असं नाही, म्हणतात.

आज शीट नंबर अकरावर
ठिपक्यांची एक रेघ सापडली,
कुणी तरी आखलेली, कधीच न झालेली गल्ली.
नव्या नकाशात असल्या रेघा घेत नाहीत.
साहेब चहाला गेले होते.
मी पेन्सिलीला टोक काढलं
आणि ठिपक्यावर ठिपका ठेवत गेलो.