निधान

इनास पिंटोनं ती वर्तमानपत्रात गुंडाळून आणली होती.
कडेला बोटभर तडा.
कॅम्पातल्या क्लबात चाळीस वर्षं ड्रम वाजवलेला माणूस
बोगारवेशीतल्या आमच्या पायरीवर उभा,
चप्पल काढू की नको या विचारात.
"अशी एक नवी पाहिजे," म्हणाला.
"अशी म्हणजे अगदी अशी नाही.
हिच्यापेक्षा काळोखी."

पायगोंडा मामानं तडा अंगठ्यानं चाचपला.
झांजा, जागटी, बस्तीतल्या घंटा करून
डावा कान हातोडीला देऊन बसलेला मामा.
"जॅज म्हंजे काय असतंय?"
इनास थोडा वेळ रस्त्याकडं बघत राहिला.
"ताल सगळ्यांना ठाऊक असतो.
तो कुणी मोठ्यानं सांगायचा नसतो."
मामा म्हणाला, "मग आमच्या घरासारखंच की."

चार भाग तांबं, एक भाग कथील.
पोलाद लाल करून पाण्यात बुडवलं की कडक होतं,
कासं मऊ होतं.
उद्यमबागेत लेथवर सहा वर्षं काढली मी,
हे मला तिथं कुणी सांगितलं नव्हतं.
पाण्यात मूठभर मीठ. चर्रर्र.
आणि वाफेत मामाचा चेहरा
कुणाचं तरी ऐकून घेतल्यासारखा.

पहिली थाळी माझी.
केसभरही फरक नाही, कुठंही मापा.
इनासनं काडी टेकवली, हसला.
"छान आहे. हिच्यावर शाळा सुटेल."

दुसरी मामाची.
ठोका. थांब. ठोका ठोका.
जेवायला उठला, हात धुतले,
आल्यावर उलट्या अंगानं ठोका.
एका जागी सात, शेजारी दोन,
पुढं नुसताच हात फिरवला.
"मोजून मार की मामा."
"मोजलं तर सगळीकडनं सारखंच बोलंल.
सारखं बोलणाऱ्याचं कोण ऐकतंय?"
मी घाई करायला लागले
की तोंडातून एकच शब्द: निधान.
कानडीत त्याचा अर्थ हळू.
मराठीत पुरून ठेवलेलं धन.
मी दोन्ही ऐकत वाढले,
म्हणून मला कधीच कळलं नाही
तो हात आवरायला सांगतोय
की खणायला.

मग माझ्या लेथवर चढली.
काळं कातडं सुटलं, पिवळी कुरळी तार पायाशी,
बोटाच्या ठशासारख्या रेघा उमटत गेल्या.
तेवढ्यावर मामानं मशीन बंद करायला लावलं.
निम्मी काळी तशीच राहू दे म्हणाला.
आणि तिला नेऊन जोंधळ्याच्या कणगीत पुरली.
"आत्ताच मार खाल्लाय तिनं.
लगेच बोलायला लावू नका."

तीन महिने आम्ही तिच्यावरचा जोंधळा दळून खाल्ला.
तळाशी पत्र्याचं माप खरवडायला लागलं
तेव्हा मामीनं इनासला फोन केला.

मधल्या भोकात एक दाणा अडकला होता.
मामानं तो काढून तोंडात टाकला.

इनासनं अगदी हलकेच काडी सोडली.
आधी लाकडाचा शब्द, स्वच्छ, एकटा.
मग त्याच्या मागून
भट्टी विझल्यावर उरतो तसला धूर,
पसरत, दुकानाच्या बाहेर,
भांड्यांच्या उतरंडीवरून, समोरच्या फळकुटावरून.
मामाचा तळवा स्टँडच्या दांडीवर.
"मुगीतेनु? संपला काय?"
"नाही," इनास म्हणाला.
रिक्षा गेली. एका पोरानं सायकलची घंटी वाजवली.
माझ्या कानातला संपला.
इनासची मान अजून हलत होती.
मामानं त्याची मान थांबलेली पाहिली,
हात मात्र काढला नाही.

पैसे मोजून झाल्यावर एवढंच सांगितलं:
"मधे वाजव, खांद्यावर वाजव,
कडेवर जोर करू नको.
फुटती ती कडेपासनं."
इनासनं जुनी फुटकी आमच्याकडंच ठेवली.
वितळवायला म्हणून.
अजून वितळवलेली नाही.