साडेतीन बोटं

हलमध्ये, हंबरच्या गढूळ पाण्यालगत
एक जुना फळबाजार आहे.
तिथे फळ सोडून सगळं मिळतं.

केळ्यांच्या गोदामात चित्रं टांगलीत.
संत्र्यांच्या वखारीत, दंडावर ऑक्टोपस गोंदलेली पोरगी
जिन विकते, चव घ्यायला अंगठ्याएवढा ग्लास देते.
दारांवरच्या पाट्या तशाच:
'... आणि मुलगे, घाऊक व्यापारी'.
बापाचं नाव उडून गेलंय, मुलगे शिल्लक.
रंगाच्या पोपड्यांवरून कुणीतरी वार्निश फिरवलंय,
पोपडे आता पडणार नाहीत.

माझं नाक तासगावचं, बेदाण्याच्या सौद्यात वाढलेलं.
मी दारादारातून हुंगत चालले.
कॉफी. मेण. ओला चुना.
एका ठिकाणी नुसताच पैसा.

"सापडायचा नाही," बाकावरचा म्हातारा म्हणाला,
"ऑगस्टात ये. उकडलं की
गटाराच्या जाळीतून येतो, केळ्याचा."
क्लिफर्ड स्टॅमर्स. एक्याऐंशी वर्षं.
पंधराव्या वर्षापासून इथे हमाल,
मग बाजार शहराबाहेर गेला, हा गेला नाही.
"आता मुलं माझा फोटो काढतात," म्हणाला,
"भिंतीबरोबर शोभतो म्हणे."

मी सांगितलं, माझे वडील अडत्या.
आमच्याकडे भाव तोंडाने बोलत नसत,
रुमालाखाली हातात हात,
जितकी बोटं दाबली तितके.
चारचौघांत सौदा, आणि चारचौघांना पत्ता नाही.
बाईचा हात त्या रुमालाखाली
माझ्या देखत तरी गेला नाही.
मला ते शिकवलं घरी,
जेवणं झाल्यावर, खरकट्या ताटांच्या कडेला,
गंमत म्हणून.

"दाखव," तो म्हणाला.
कॅफेतून भांडी पुसायचं फडकं मागून आणलं,
निळ्या चौकड्यांचं, दमट.
"काय विकतेस?"
काय विकणार? पर्समध्ये एक संत्रं होतं,
सकाळी स्टेशनसमोरच्या सुपरमार्केटातलं, स्टिकरसकट.
ते बाकावर ठेवलं, आमच्या दोघांच्या मध्ये.

संपूर्ण बाजारात तेवढं एकच फळ.

फडक्याखाली त्याचा हात आला,
लाकडाच्या फळीसारखा, पण गरम.
त्याने पंजा दाबला. मी मोजलं:
एक, दोन, तीन,
आणि पुढे पेरावरच संपलेलं काहीतरी.
पेटीखाली गेलं असेल, साखळीत गेलं असेल,
मी विचारलं नाही.
फडक्याखालचं फडक्याखाली, एवढं मला कळतं.

पण साडेतीन हा भाव
वडिलांनी शिकवला नव्हता.
साडेतीन काय? पौंड? शिलिंग?
मी परत मोजलं. तो हसत नव्हता,
समोरच्या पाटीकडे बघत होता, गिऱ्हाइकं बघतात तसा,
आपल्याला घाई नाही असं दाखवत.

जिनवाली पोरगी दारात येऊन उभी राहिली.
कुणीतरी फोन वर धरला.

मी अजून हो म्हटलेलं नाही.