कोपराचा नळ

देवगडच्या सरकारी दवाखान्यात, अपघात विभागात
कोपराने उघडायचा एक नळ आहे.
त्याचा दांडा मे महिन्यात निखळला,
तेव्हापासून सुतळीने बांधलाय.
वर भिंतीवर हात धुण्याच्या सहा पायऱ्या.
खाऱ्या हवेने चौथी पुसून नेली.
कोणी विचारलं, तर मी बोटं गरीसारखी वाकवून
एकमेकांत अडकवते.
तोंडाने सांगता येत नाही.

पहाटे तीनला ट्रॉलर धक्क्याला लागतो
आणि टेम्पोतून एक पोर येतं,
तळपायात पाकटाचा काटा,
मागे चौघे, ओले, डिझेलचा वास.
"बेगीन करा सिस्टर, बेगीन!"
या एका शब्दात किती साबण वाहून जातो
ते इथे रात्रपाळी केल्याशिवाय कळायचं नाही.

हातमोजे येतात ते मोठ्याच मापाचे.
महिनाअखेर तेही कपाटात,
किल्ली फार्मासिस्टकडे, फार्मासिस्ट कणकवलीला.
ओरोसहून तपासणी यायची म्हटली
की चतुर्थीआधीच्या घरासारखा वॉर्ड लख्ख.
गाडी नांदगाव ओलांडेपर्यंत टिकतो तो.

घरी सोलं कुस्करताना
बोटांच्या भेगा चरचरतात.
सासू म्हणते, एवढे कशाक धुतंस गो?

मी तिला फिलोमिना सिस्टरांचं सांगत नाही.
आरडाओरड चालू असताना त्या
आपल्या चालीने बेसिनकडे जायच्या,
आणि खोली थांबायची.
एकदा टाका घालायला वाकलेल्या डॉक्टरांना म्हणाल्या,
"सर, हात."
बस, एवढंच. डॉक्टर उठले.

आणि कृष्णाबाई मिठबावकरणीचं तर
कोणालाच सांगत नाही.
दोन नंबरचा पलंग. सातव्या दिवशी जखम हिरवट झाली.
साखर होती त्यांना, सगळे म्हणाले. असेल.
त्या रात्री मी एक नंबरवरून
सरळ दोन नंबरवर गेले होते.
बेसिन चार पावलांवर होतं.
हे केसपेपरात नाही.

आता पोर ओरडतंय.
चौघे माझ्या पाठीकडे बघतायत, ही बाई
पाण्याशी काय करत बसलीय.
पाणी करंगळीएवढं. मी मोजते,
अकरा, बारा.
शेजारी नवीन आलेली प्रणिता,
हातात सिरिंज, पाय दाराकडे.
ती माझ्याकडे बघते,
सिरिंज ट्रेमध्ये ठेवते
आणि सुतळीखाली कोपर घालून उभी राहते,
माझं होईपर्यंत.