तळवा

टेबलावरचं जाडजूड पुस्तक सांगतं:
सुजलेली त्वचा लाल दिसते.
पुस्तक थंड देशात छापलेलं आहे.
इथे मेडिकलच्या ओपीडीत, खोली क्रमांक एकोणीसमध्ये
लाल फारसं कुणी येत नाही.
येतात ते वांग्याच्या देठाखालच्या रंगाचे,
राखेचे, ओल्या कवेलूचे,
उन्हात विसरलेल्या चिंचेच्या गोळ्याचे.
म्हणून मी वही केली. डाव्या पानावर रोग,
उजव्या पानावर पेशंटनं सांगितलेला रंग, त्याच्याच शब्दांत.

शिबं, नायटा, गजकर्ण, वांग, लासं, चामखीळ.
आपल्या भाषेला कातडीचं पुष्कळ ठाऊक आहे.
फक्त कोड म्हणताना ती आवाज खाली करते,
आणि कॅन्सरला अजून नुसतं
'ते' म्हणते.

मे महिना. शेहेचाळीस.
व्हरायटी चौकात स्कूटीवरच्या पोरी
डोळे तेवढे बाहेर ठेवून सिग्नलला थांबलेल्या.
मी ज्याच्या मागे आहे त्याला उन्हाचं काही नाही.
ते उन्हापासून सगळ्यात लांब,
तळपायात वाढतं.

डोमाजी नंदनवार, गोळीबार चौक,
बावन्न वर्षं हातमागावर.
उजव्या टाचेवर काळा डाग, आठ आण्याएवढा,
कडा तुटक, एका बाजूनं निळसर.
"काई नाई जी बाई. रंगाचा थेंब पडला असन.
पाय पावडीवरच असते ना दिवसभर."
कधीपासून आहे?
"नातीच्या बारशाले होता.
आता थे शाळेत जाते."

एवढ्या वर्षांत सुना पाया पडल्या,
दिवाळीला जावई वाकले,
परीक्षेला जाताना नातवंडं.
तळवा कुणी पाहिला नाही.
पावलाच्या वरच्या अंगालाच संपतो
आपला सगळा आदर.

मेणात गोठवलेला तुकडा रंजिता उके कापते,
चार मायक्रॉनची फीत, कोमट पाण्यावर तरंगत सोडते,
ब्रशनं काचेवर घेते, श्वास रोखून.
मग जांभळा रंग, मग गुलाबी.
काचेवर सगळेच गुलाबी होतात,
गोळीबार चौकातले आणि पुस्तकातले.
हे मी वहीत लिहिलेलं नाही.

त्यांनी पाहायचं म्हटलं. मी खुर्ची दिली.
एक डोळा मिटला त्यांनी,
धोट्यात दोरा ओवताना मिटत असतील तसा,
आणि बराच वेळ काही बोलले नाहीत.
"हे खालतं उतरून राह्यलं ना जी?
आडवं होतं तवर बरं होतं.
बाणा होता. ताणा झाला."

सतरा वर्षं मी हेच शिकवते,
फळ्यावर बाण काढून,
चाळीस मिनिटं लागतात.

"किती खालतं?"
एक पूर्णांक चार मिलिमीटर.
"सुतात सांगा."
अर्ध्या सुतापेक्षा थोडं कमी.
ते हसले. "अर्ध्या सुतात लुगडं जाते जी."

टाच गेली. मांडीची कातडी तिथे बसवली,
ती अजून जरा फिकी आहे, अजून जरा नवखी.
माग त्यांच्या धाकट्यानं चालवायला घेतला नाही.
तपासणीला आले तेव्हा पिशवीतून कापड काढलं,
राखाडी, एक हात, दशा तशाच सुटलेल्या.
फोटो काढताना पायाखाली मी हिरवी चादर घालते
ते त्यांना खटकलं होतं:
"हिरव्यावर काळं नीट दिसत नाही."
दिसत नव्हतं, खरंच.

आता त्या कापडावर पाय ठेवायला सांगते सगळ्यांना,
खाज म्हणून आलेल्यांना, मुरमं म्हणून आलेल्यांना.
चपला काढा. पाय उलटा करा.
लाजतात. भेगा, धूळ, जोडव्यांचे वळ.
कितीतरी जण आधी बाहेरच्या नळावर जातात,
घासून पाय धुतात, म्हणून रांग खोळंबते,
शिपाई चिडतो.
नळापासून एकोणीस नंबरपर्यंत
ओली पावलं उमटत येतात फरशीवर.
दोन मिनिटांत वाळतात.
मी दारात उभी राहून पाहून घेते तेवढ्यात.