आडवी शीर

निपाणीतल्या बंद वखारीची भिंत
पोरांनी खरवडायला घेतली तेव्हा
पहिली शिंकली पूर्वा, मग कलमेश,
मग शिडी धरून उभी असलेली निखत.
माल गेला, हमाल गेले, काटा भंगारात गेला,
अकरा वर्षं झाली कुलपाला,
तरी चुन्याच्या पापुद्र्याखाली जर्दा जागाच.
मी समोरच्या पायरीवर होतो.
चाळीस वर्षं या गावाच्या पाट्या रंगवल्या;
शिंक आली की ब्रश वर कसा धरायचा
तेवढं सांगितलं. बाकी काही नाही.

रंग गणपतीच्या मांडवातला, उरलेला.
निळा फार होता, म्हणून म्हैस निळी झाली.
सत्याप्पा गवळी सायकल टेकवून म्हणाला,
"निळी म्हस बगितलाईस काय कधी?
ते जाऊ दे. खरं आचळं तीनच काढल्यात की!"

भूपालशेठांचा मुलगा पुण्याहून, फोनवर:
भिंत आमची आहे, पण असू दे,
विकायला काढली की पुसू.
भूपालशेठ स्वतः गाडीतून उतरले नाहीत.
काच अर्धी खाली केली, बघितलं, वर केली.

हुद्दार गुरुजी म्हणाले, आधी गटार करा म्हणावं,
फूल काढून वास जातो काय?
बरोबर आहे त्यांचं.
वास गेलेला नाही.

रात्री हवालदार आला, गदगहून बदलून आलेला.
"एनू बरेदिल्ला?"
काहीच लिहिलं नाही?
टॉर्च मारून त्यानं सगळी भिंत वाचली:
म्हैस, दोन हात, दोरा, एक लंगडी चिमणी.
अक्षर कुठंच सापडेना
तेव्हा त्याचा जीव भांड्यात पडला
आणि त्यानंही एक फोटो काढून घेतला.

अक्षरांचं मला विचारा.
कुठली ओळ वर, कुठली खाली, किती इंच,
कागद बदलत गेले, मी पाट्या बदलत गेलो.
एकाच हार्डवेअरच्या दुकानाची पाच वेळा.
एकदा तिच्यावर कुणी डांबर ओतलं;
सकाळी रॉकेल लावून ते उतरवणारा मी,
आणि, हे अजून घरातही सांगितलेलं नाही,
रात्री डांबराचा डबा धरून उभा होतो तोही मीच,
वय एकोणीस.
काना ओढताना मनगट सरळ राहतं,
कन्नड अक्षराला गोल फिरतं.
दुखतं मनगट एकच.

परवा कलमेश म्हणाला, "मामा,
खाली गावाचं नाव घालतासा काय?"
हातभर जागा सोडली होती त्यांनी.
मी विती मोजल्या. दोन्ही लिप्या बसल्या असत्या, ऐसपैस.
"वरती कुठली?" निखतनं विचारलं.
ब्रशाचा थेंब माझ्या चपलेवर पडला.
"आधी म्हशीचं चौथं आचळ काढा," म्हणालो.

काल तिन्हीसांजेला लगमाक्का,
ठेकेदाराला हजार विड्या मोजून देऊन परत निघालेली,
सूप काखेत.
भिंतीवरचे हात तिच्याहून उंच.
बराच वेळ बघत राहिली. पोरं गप्प.
"बत्तीस वर्षं वळत आलोय मी," म्हणाली,
"बोटं बरोबर धरलासा.
खरं पानाची शीर आडवी काढलासा गा.
आडव्या शिरेची विडी छाटीत जातीया."
आणि पिशवीतलं एक पान काढून
तिनं भिंतीला लावून दाखवलं.

पूर्वा अंधार पडेपर्यंत ती शीर उभी करत होती.
मी टॉर्च धरला.