सत्तावीस नंबरचं कुलूप

टोलीडोच्या काच कारखान्यात पहिल्याच दिवशी
ड्वेन काझमारेकनं हातात ठेवलं
एक लाल कुलूप, एकच किल्ली,
आणि माझ्या फोटोचं लेबल: धोका. काढू नये.
खाली नाव. ज्ञानदाचं नंदा झालेलं.
"दुसरी किल्ली नसते," तो म्हणाला. "माझ्याकडेही नाही."

आमच्या गल्लीत लाइट जायची, यायची,
लहरी आत्याबाईसारखी, न सांगता.
गेली म्हटलं की गेली.
इथे पुरावा लागतो:
मीटर आधी चालू तारेवर, मग बंद तारेवर,
मग पुन्हा चालू तारेवर,
कारण मेलेला मीटरही शून्यच दाखवतो.
हे वहीत लिहून खाली दोन रेघा मारल्या.

एकोणचाळिसाव्या वर्षी शिकाऊ.
ओहमचा नियम पाठ, पाइप मात्र वाकेना.
चार भंगारात गेले. पाचवा कुत्र्याचं शेपूट.
ड्वेननं तो वर्कशॉपच्या दारावर टांगला.
अजून आहे.

फेब्रुवारीत एकदा घरी आले, कुकर चढवला,
आणि खिशात किल्ली वाजली.
तेवढ्यात फोन.
"तीन नंबरचा पट्टा उभा आहे." ओरडला नाही.
"कटरनं कापा ना."
"कटर भिंतीवर आहे. कुलूप तुझं आहे."

मॉमी नदीवरून परत, बर्फ आडवा,
कान शरमेनं तापलेले.
आत अकरा माणसं थर्मासभोवती बसलेली,
बाटल्या दुसऱ्या वाटेनं वळवलेल्या,
चारशे ऐंशी व्होल्ट
माझ्या मुठीएवढ्या कुलपापाशी खोळंबलेले.
शिव्या खायची तयारी होती.
कुणीतरी फक्त सरकून वाट दिली.

लग्नात, नोकरीत, विमानतळावर बॅग उपसताना
कुणी थांबलं नव्हतं विचारायला: उघडू का?

गार बोटांनी किल्ली दोनदा चुकली.
लेबल खिशात घातलं.
"तूच चालू कर," ड्वेन म्हणाला.
पेटीच्या उजवीकडे उभी राहिले, तोंड फिरवून,
शिकवल्याप्रमाणे डाव्या हातानं
दांडा वर ढकलला.
पट्टा खोकला. बाटल्या खिदळत निघाल्या.

आणि मग आठवलं:
निघताना कुकरखालचा गॅस
बंद केला होता. बहुतेक.
पुरावा नव्हता.