वजनाची वही

बॅलीनाव्हरची शर्यत मार्चमध्ये, दुसऱ्या शनिवारी.
तीन मैल पाच फर्लांग, बावीस कुंपणं,
आणि पाऊस, जो तिथे पडत नाही,
आडवा चालत येतो, तिकीट न काढता.

माझा बाप फॉन्सी टुही
चाळीस वर्षं एका बुकीचा कारकून.
खोक्यावर उभा राहून बुकी भाव ओरडे,
खाली हा लिहून घेई, बोटं कापलेले हातमोजे घालून.
स्वतः कधी एक शिलिंगही लावला नाही.
वाढप्यानं पानावर बसू नये, म्हणे.

वही मात्र त्याची स्वतःची,
बाराव्या वर्षी सुरू केलेली, हिरव्या पुठ्ठ्याची.
पहिल्या पानावर इतिहास:
दारूवरून भांडलेले दोन शेजारी
आमच्या चर्चच्या मनोऱ्यापासून पलीकडच्या गावच्या मनोऱ्यापर्यंत
घोडे घालतात, भिंती, ओढे,
एका विधवेचं बटाट्याचं शेत तुडवत.
कोण जिंकलं, नोंद नाही.
विधवेला अर्धा क्राउन मिळाला. त्याची आहे.

मग कल.
दहा वर्षांवरचा घोडा: साठ वर्षांत तीनदा.
अकरा स्टोन पाच पौंडांच्या वर: चारदा,
त्यातही दोनदा जमीन कोरडी.
गेल्या वर्षीचा विजेता: कधीच नाही.
सगळ्यांचा लाडका: सातातून एकदा.
आणि समासात, बारीक अक्षरात,
‘तरी लोक लाडक्यावरच लावतात.’

हँडिकॅप म्हणजे काय, मी विचारलं, आठ वर्षांची असताना.
"जो चांगला पळतो, त्याच्या खोगिराखाली शिसं भरतात.
पुढच्या खेपेला आणखी चांगला पळाला, की आणखी शिसं."
"कुठवर?"
"हरेपर्यंत."
मी थोरलीकडे पाहिलं.
अट्राक्टा एका हातानं भांडी विसळत होती,
दुसऱ्या कडेवर धाकटा.
तिला कधी काही सांगावं लागत नसे,
म्हणून सगळं तिलाच सांगत.

डब्लिनच्या एका कचेरीत बसून
एक माणूस ही वजनं ठरवतो.
त्याचं स्वप्न म्हणे असं, की सगळे घोडे
एका ओळीत शेवटच्या खांबाला पोचावेत,
कुणीच जिंकू नये.
देवाच्या मनातही असंच काहीसं असावं,
असं फादर क्विलिगन म्हणाले,
पण ते त्या दिवशी हरले होते.

फॉन्सी नोव्हेंबरात गेला.
यंदा मी वही घेऊन बसले,
वय, वजन, जमीन, एकेक नाव खोडत.
अठरातून एक उरली:
सात वर्षांची घोडी, दहा स्टोन नऊ, चौदाला एक.

तेव्हा दिसले ते ठिपके.
पेन्सिलीचे, न जिंकलेल्या काही नावांपुढे,
वर मथळा नाही.
मी लीड्सला फोन लावला.
अट्राक्टाच्या मागे किटली शिटी वाजवत राहिली.
"जे परत ट्रकमध्ये चढले नाहीत, ते," ती म्हणाली.
"रात्री लावायचे. मी जागी असायचे."

एकतीस ठिपके.
शेवटच्या पानावर त्यांचीही गणितं होती,
वय, वजन, जमीन,
सगळी खोडलेली.

घोडी चौथी आली, डोळ्यांपर्यंत चिखल.
इतके पळाले की चौथ्याचेही पैसे मिळतात,
पण मी फक्त जिंकण्यावर लावले होते.
फॉन्सीची मुलगी, आणि इतकं साधं चुकले.

मग घरी गेले नाही.
तबेल्यांमागे, ट्रक उभे असतात तिथे,
पेन्सिल हातात धरून मोजत राहिले.
सोळा. सतरा.
अठरावा चढेना.
ओल्या फळीवर खूर आपटत राहिला,
पोऱ्या चिडला, मग विनवू लागला,
मी म्हटलं, असू दे,
घाई नाही.